वाळीत टाकण्याचा हक्क

धर्मस्वातंत्र्याचा इतिहास बहुधा राजसत्ता आणि प्रजा यांच्यातील संघर्षाचा इतिहास म्हणून लिहिला जातो. गोव्यात १५६० मध्ये सुरू होऊन, मधला अल्प खंड सोडता, १८१२ पर्यंत चाललेले इन्क्विझिशन, म्हणजे कॅथलिक श्रद्धेपासून ढळल्याच्या संशयावरून खटले चालवणारे धर्मन्यायालय, हे त्याचे मराठी वाचकाच्या परिचयाचे उदाहरण आहे. परंतु महाराष्ट्राच्या आणि जुन्या मुंबई इलाख्याच्या सामाजिक इतिहासात सामान्य माणसाच्या श्रद्धेवर आणि आचारावर रोजचा अंमल राजापेक्षा त्याच्या जातीचा, पंथाचा आणि गावाचा अधिक होता, व त्या अंमलाचे हुकमी हत्यार बहिष्कार हे होते. हा बहिष्कार घालण्याचा अधिकार समाजाच्या धर्मस्वातंत्र्यात मोडतो की व्यक्तीच्या धर्मस्वातंत्र्यावरचा तो घाला ठरतो, हा प्रश्न पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ सरकारांना, न्यायालयांना आणि सुधारकांना छळत आला असून, बहुतेक वेळा त्याचे उत्तर देण्याऐवजी तो टाळण्याकडेच सत्तेचा कल राहिला आहे.

बहिष्काराची रीत ठरलेली होती. निषिद्ध अन्न, समुद्रपर्यटन, परजातीतला किंवा विधवेशी केलेला विवाह, धर्मांतर, किंवा नुसता जातीच्या पंचांचा अवमान यांपैकी काही घडल्याचा बोभाटा झाला, की जातीची पंचायत बसे. ब्राह्मणांच्या बाबतीत पैठण, नाशिक, वाई, कऱ्हाड अशा क्षेत्रांतील विद्वानांची धर्मसभा किंवा शंकराचार्यांचे पीठ निर्णय देई. दोषी ठरलेल्याला पंक्तीला घेत नसत, त्याच्या घरी मुलगी देत नसत व त्याची मुलगी करत नसत; न्हावी त्याची हजामत करत नसे, परीट कपडे नेत नसे, लग्नमुंजीला भिक्षुक मिळत नसे आणि घरात मृत्यू झाला तर खांदा द्यायला माणसे येत नसत. परतीची वाट प्रायश्चित्ताची होती. पंचगव्य प्राशन, ब्राह्मणभोजन, जातीला जेवण आणि दंड असे तिचे टप्पे असत, पण खरी शुद्धी पोथीतल्या विधीने पुरी होत नसे. जातीतील वडीलधारी माणसे त्या माणसाच्या पंक्तीला बसून घास घेत, तेव्हाच तो गोतात परत आला असे सर्वजण मानत. म्हणूनच ज्याला शास्त्री शुद्ध ठरवत, त्यालाही शेजारी जेवायला बोलावतीलच अशी खात्री नसे.

मराठी राज्यात हा कारभार सरकारच्या नजरेआड चालत नव्हता. नेताजी पालकरांना १६७६ मध्ये हिंदू धर्मात परत घेतले गेले ते राजाच्या पुढाकाराने, आणि पेशवाईत प्रायश्चित्ताची आज्ञापत्रे सरकारी दप्तरातून सुटत. जातीजातींमधील धार्मिक अधिकाराच्या तंट्यांना ग्रामण्य म्हणत. वेदोक्त मंत्र कोणी म्हणावेत, धोतर कसे नेसावे, नमस्कार कोणी कोणाला कोणत्या शब्दांत करावा असे विषय त्यांत असत आणि त्यांचा निवाडा अखेर राज्यसत्तेच्या बळावरच होई. प्रबोधनकार ठाकरे यांनी १९१९ मध्ये या तंट्यांचा साद्यंत इतिहास लिहिला तो चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंच्या बाजूने आणि पुरेशा त्वेषाने, त्यामुळे तो वाचताना लेखकाची बाजू ध्यानात ठेवावी लागते. पण या वादांनी पिढ्यान्पिढ्यांची किती शक्ती खाल्ली, हे त्यातून नेमके कळते. मुंबईच्या इंग्रज सरकारलाही प्रारंभी यात पडण्याचे वावडे नव्हते, कारण सोनारांनी 'नमस्कार' हे अभिवादन वापरू नये असा हुकूम कंपनीच्याच मुंबई कौन्सिलने १७७९ मध्ये काढला होता.

पेशवाई बुडाल्यावर मात्र कंपनी सरकारने अंग काढून घेतले. मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याच्या कारकिर्दीच्या अखेरीस आलेल्या १८२७ च्या दुसऱ्या रेग्युलेशनमधील एकविसाव्या कलमाने दिवाणी न्यायालयांना जातीच्या प्रश्नांत हस्तक्षेप करण्यास मनाई केली, आणि एकच फट ठेवली ती अशी की, कोणाच्या बेकायदा किंवा असमर्थनीय वर्तनामुळे आपल्या जातीला व लौकिकाला बाध आला, असे म्हणणाऱ्याला नुकसानभरपाईचा दावा लावता येईल. त्याच वर्षी आर्थर स्टील याने दख्खनमधील जातींच्या रूढींचा संग्रह प्रसिद्ध केला. ज्या रूढींत न्यायालयाने पडायचे नाही त्याच सरकारी पातळीवर लिहून काढायच्या, यात वरवर विसंगती दिसते, पण त्याचा परिणाम सुसंगत झाला: पूर्वी राजाच्या मर्जीने लवचिक राहिलेली रूढी आता छापील झाली आणि तिच्यावर देखरेख करणारा कोणी उरला नाही. जातीची स्वायत्तता म्हणून पुढे जिला न्यायालयीन मान्यता मिळाली, ती अनादी परंपरा होती असे म्हणण्यापेक्षा सरकारने सोडून दिलेल्या जागेवर ती वाढली असे म्हणणे अधिक योग्य ठरेल. एखाद्या बहिष्कृताने फिर्याद केली तर न्यायाधीश नोटीस दिली होती काय, बाजू मांडू दिली होती काय, पंचायत रीतसर भरली होती काय, एवढेच पाहत; निर्णय न्याय्य होता की नाही, हा विषय ते जातीवर सोडत.

१८५० च्या एकविसाव्या कायद्याने या तटस्थतेला एका बाजूने छेद दिला. धर्म सोडला किंवा जातीतून काढले म्हणून कोणाचा मालमत्तेवरील किंवा वारशावरील हक्क बुडणार नाही, असे या कायद्याने ठरवले, आणि सनातनी मंडळींनी त्याविरुद्ध अर्जांचा पाऊस पाडला. धर्मांतर केलेल्या मुलाला बापाच्या शेतात वाटा मिळू लागला, पण बापाच्या शेजारी पाट मिळण्याची सोय कायद्यात नव्हती. या कायद्याआधी सात वर्षे, १८४३ मध्ये, मुंबईत श्रीपत शेषाद्री या मुलाचे प्रकरण गाजले होते. त्याचा थोरला भाऊ नारायण ख्रिस्ती झाला आणि श्रीपत त्याच्यासोबत मिशनऱ्यांकडे राहिला. मुंबईच्या तेव्हाच्या सुप्रीम कोर्टाने त्याला बापाच्या हवाली केले, परंतु ख्रिस्त्यांच्या घरी राहून आलेल्या मुलाला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावे की नाही यावर दोन तट पडले. घ्यावे, असे म्हणणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांना स्वतःलाच बहिष्काराची झळ सोसावी लागली. मुलगा कोणाच्या घरी राहील हे न्यायालय सांगू शकत होते. तो कोणाच्या पंक्तीला बसेल हे सांगणे त्याच्या हाती नव्हते.

मुंबईतील गुजराती भाटिया समाजाच्या प्रकरणात मात्र न्यायालयाने बहिष्काराला प्रथमच थेट हात घातला. पुष्टिमार्गी वैष्णवांच्या महाराजांवर, म्हणजे वल्लभाचार्यांच्या वंशातील धर्मगुरूंवर, करसनदास मुळजी यांनी 'सत्यप्रकाश' या पत्रात १८६० च्या ऑक्टोबरात अनीतीचे आरोप केले, तेव्हा जदुनाथजी महाराजांनी पन्नास हजार रुपयांचा अब्रुनुकसानीचा दावा लावला. खटला उभा राहण्यापूर्वी भाटिया पुढाऱ्यांनी जात जमवून असा ठराव केला की, महाराजांविरुद्ध कोणी साक्ष देऊ नये आणि देईल त्याला जातीबाहेर काढावे. करसनदासांनी यावर फौजदारी फिर्याद केली आणि न्यायात अडथळा आणण्याचा कट केल्याबद्दल पुढाऱ्यांपैकी प्रमुख दोघांना प्रत्येकी एक हजार व बाकीच्यांना प्रत्येकी पाचशे रुपये दंड झाला. मूळ खटल्यात डॉ. भाऊ दाजी यांच्यासारख्यांच्या साक्षी झाल्या आणि एप्रिल १८६२ मध्ये निकाल करसनदासांच्या बाजूने लागला. येथेही मर्यादा नजरेआड करता येत नाही: सुप्रीम कोर्टाने स्वतःच्या दारातील अडथळा दूर केला, जातीच्या दारातला नाही. साक्ष देणाऱ्याला जातीत कसे वागवावे, याविषयी निकालात काही नव्हते.

पुण्यामुंबईच्या ब्राह्मण समाजात पुढील तीस वर्षे हे हत्यार सुधारकांवर वारंवार चालवले गेले. १८६९ मध्ये मुंबईत झालेल्या विधवाविवाहाला पाठिंबा देणाऱ्या विष्णुशास्त्री पंडित व त्यांच्या सहकाऱ्यांवर बहिष्कार पडला आणि १८७० मध्ये पुण्यात शंकराचार्यांपुढे झालेल्या वादाचा निर्णयही त्यांच्या विरुद्ध गेला. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी विधवेशी विवाह केल्यावर मुरूड गावाने सभा भरवून त्यांना वाळीत टाकले, आणि शिक्षेचा भार पुण्यात राहणाऱ्या कर्व्यांपेक्षा गावात राहणाऱ्या त्यांच्या आईवर आणि भावावर अधिक पडला. बहिष्कार ज्याच्यावर घातला जाई त्याच्यापेक्षा त्याच्या घरच्यांना अधिक जाचे, हे त्याच्या परिणामकारकतेचे मर्म होते.

या साऱ्यांत पंचहौद मिशनच्या चहाचे प्रकरण सर्वांत बारकाईने पाहण्याजोगे आहे, कारण त्यात आगळीक जवळजवळ नव्हतीच. १८९० च्या ऑक्टोबरात पुण्यातील या ख्रिस्ती मिशनने शहरातील प्रतिष्ठितांना व्याख्यानाला बोलावले आणि व्याख्यानानंतर चहा-बिस्किटे पुढे केली. कोणी चहा घेतला, कोणी पेला नुसता तोंडाला लावला, कोणी तसाच ठेवून दिला. आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव जोशी यांनी, बहुधा मजा पाहण्यासाठीच, उपस्थितांची नावे 'पुणेवैभव' पत्रात छापवली आणि त्या यादीत रानडे व टिळक असे दोन्ही गटांचे धुरीण एकत्र आले. सनातन्यांनी शंकराचार्यांकडे तक्रार नेली, १८९२ मध्ये चौकशीसाठी शास्त्री नेमले गेले, आणि चहा हे अन्न की पान, तो कोणत्या पात्रातून घेतला, यांवर मोठ्या गांभीर्याने खल झाला. टिळकांनी शंकराचार्यांचा अधिकार नाकारला नाही. त्यांनी ग्रंथांचे दाखले देऊन दोष क्षुल्लक असल्याचे मांडले आणि आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी स्नेह्यांची कुचंबणा पाहून प्रायश्चित्त घेतले, आणि त्याबद्दल तरुण सुधारकांनी त्यांना बोल लावले. त्यांच्या पत्नी रमाबाई यांच्या आठवणींत या काळातील घरच्या मनःस्थितीचे चित्रण आहे. उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशपदापर्यंत पोहोचणाऱ्या विद्वानालाही एका पेल्याचा हिशेब द्यावा लागतो, यातून इंग्रजी न्यायालयाने जातीच्या हवाली केलेला मुलूख किती मोठा होता हे समजते. येथे नवी गोष्ट होती ती वृत्तपत्राची. पूर्वी ग्रामण्याची पत्रे क्षेत्राक्षेत्रांतून हिंडत व निर्णयाला महिने लागत. आता छापील यादी सकाळी गावभर झाली आणि सुधारणेचे साधन मानले गेलेले मुद्रण बहिष्काराच्याही कामी आले.

आतापर्यंतच्या साऱ्या उदाहरणांत बहिष्कृत माणूस मुळात पंक्तीत होता. गावकुसाबाहेरच्यांना पंक्तीतून उठवण्याचा प्रश्नच नव्हता, म्हणून त्यांच्यावर पडणारा बहिष्कार वेगळ्या जातीचा होता: वाण्याने माल द्यायचा नाही, शेतावर काम द्यायचे नाही, वहिवाटीची वाट वापरू द्यायची नाही. १९२७ च्या महाड सत्याग्रहानंतर आपले हक्क बजावू पाहणाऱ्या अस्पृश्यांना गावोगाव याचा अनुभव आला आणि मुंबई सरकारने १९२८ मध्ये नेमलेल्या स्टार्ट समितीने, जिचे डॉ. आंबेडकर एक सभासद होते, या प्रकारांची नोंद केली. आंबेडकरांनी या अनुभवावरून एक निष्कर्ष काढला तो असा की, कायद्याने दिलेला कोणताही हक्क बहिष्काराच्या भीतीपुढे टिकत नाही, सबब बहिष्कार हाच गुन्हा ठरला पाहिजे. गोलमेज परिषदेतील मागण्यांत त्यांनी ब्रह्मदेशातील १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्याचा आधार घेतला आणि १९४७ मध्ये घटना समितीसाठी लिहिलेल्या निवेदनातही ही मागणी कायम ठेवली. राज्यघटनेच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली, पण बहिष्काराचे नाव त्यात आले नाही.

घटना अमलात येण्यापूर्वीच, १९४९ मध्ये, बाळासाहेब खेर मुख्यमंत्री असताना मुंबई विधिमंडळाने बहिष्कार प्रतिबंधक कायदा केला. कोणतीही जात, पोटजात किंवा धर्मपंथ आपल्या सभासदाला काढून टाकील तर ते काढणे निरर्थक समजावे, आणि काढणाऱ्याला एक हजार रुपयांपर्यंत दंड व्हावा, अशी त्याची तरतूद होती. कायद्याची व्याख्या मात्र सावध होती. दिवाणी दाव्याने मिळवता येतील अशा हक्कांना बाध आणणारी हकालपट्टी एवढाच बहिष्कार तिने धरला आणि त्यात अधिकारपद, मालमत्ता, प्रार्थनास्थळी उपासना आणि दफन वा दहन यांचा स्पष्ट उल्लेख केला. पंचहौदच्या चहाला हा कायदा लागला नसता, पण स्मशानाची वाट अडवणाऱ्याला लागला असता.

त्याची कसोटी दाऊदी बोहरा समाजात लागली. शिया इस्माइली परंपरेतील हा व्यापारी समाज आपल्या प्रमुखाला, ज्याला दाई-अल-मुतलक म्हणतात, अप्रकट इमामाचा प्रतिनिधी मानतो. वयात येताना प्रत्येकजण त्याच्या आज्ञेत राहण्याची मीसाक ही शपथ घेतो, आणि ती मोडणाऱ्याशी संबंध तोडण्याला बराअत म्हणतात. एकावन्नावे दाई सय्यदना ताहेर सैफुद्दीन यांच्या काळात सुधारणावादी बोहऱ्यांशी खटले सुरूच होते. प्रिव्ही कौन्सिलने १९४७ मध्ये दाईंना बहिष्काराचा अधिकार असल्याचे मान्य केले होते, पण तो रीतसर वापरला पाहिजे अशी अटही घातली होती. १९३४ व १९४८ मध्ये बहिष्कृत झालेल्या एका सभासदाने नव्या कायद्याच्या आधारे दावा लावला आणि मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्या खंडपीठाने १९५२ मध्ये कायदा वैध ठरवला. तेव्हा दाईंनी १९५८ मध्ये मूलभूत हक्कांच्या नावाने थेट सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला.

प्रश्न दोन अनुच्छेदांच्या मधल्या जागेत होता. पंचविसावा अनुच्छेद प्रत्येक व्यक्तीला सद्‌सद्‌विवेकाचे व धर्माचरणाचे स्वातंत्र्य देतो आणि समाजसुधारणेसाठी कायदा करण्याची राज्याला मोकळीक ठेवतो. सव्विसावा अनुच्छेद धर्मपंथाला आपल्या धार्मिक बाबी आपण सांभाळण्याचा हक्क देतो. ९ जानेवारी १९६२ च्या निकालात पाचपैकी चार न्यायमूर्तींनी कायदा रद्द केला. दासगुप्ता यांनी लिहिलेल्या बहुमताचा युक्तिवाद असा की, श्रद्धेच्या शिस्तीचा भंग करणाऱ्याला दूर करणे हा पंथाची एकता राखण्याचा, म्हणून धार्मिक कारभाराचाच भाग आहे. त्यामुळे काही नागरी हक्क बाधित होतात एवढ्यावरून तो कारभार राज्याच्या अखत्यारीत जात नाही, आणि धार्मिक कारणाने केलेल्या बहिष्कारालाही सरसकट मना करणारा कायदा समाजसुधारणेच्या नावाखाली वाचवता येत नाही. अय्यंगार यांनी स्वतंत्रपणे तोच निष्कर्ष काढला. मुख्य न्यायमूर्ती सिन्हा एकटे विरुद्ध गेले. बहिष्कृताला समाजात अस्पृश्यासारखे जिणे नशिबी येते आणि ते थांबवणारा कायदा सतराव्या अनुच्छेदाच्या भावनेशी जुळणारा आहे, असे त्यांचे म्हणणे होते. बहुमताचा विचार कायद्याच्या चौकटीत नेटका आहे, परंतु धार्मिक कारणाचा बहिष्कार आणि इतर कारणाचा बहिष्कार हा त्याने गृहीत धरलेला भेद, दफनभूमीच्या फाटकाशी उभ्या असलेल्या कुटुंबाच्या दृष्टीने कोठे लागू पडतो हे सांगणे अवघड आहे. हा भेद ठरवणाराही शेवटी बहिष्कार घालणाराच असतो. १८२७ मध्ये जातीला मिळालेली सूट धोरणाची होती, म्हणजे विधिमंडळाला मागे घेता येण्यासारखी. १९६२ मध्ये पंथाला मिळालेली सूट मूलभूत हक्क म्हणून मिळाली.

पुढची हकिगत थोडक्यात सांगता येते. जयप्रकाश नारायण यांच्या 'सिटिझन्स फॉर डेमोक्रसी' या संस्थेने १९७७ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती नरेंद्र नथवाणी यांचा आयोग नेमला. त्याने १९७९ च्या अहवालात लग्न, दफन यांसारख्या प्रसंगी सुधारणावादी बोहऱ्यांची होणारी अडवणूक नोंदवली. १९६२ चा निकाल फेरविचारात घ्यावा यासाठी सुधारणावाद्यांच्या मध्यवर्ती मंडळाने १९८६ मध्ये अर्ज केला, आणि तो पाच न्यायमूर्तींच्या पीठाने फेब्रुवारी २०२३ मध्ये शबरीमला मंदिरातील स्त्रियांच्या प्रवेशातून उभ्या राहिलेल्या प्रश्नांसोबत नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे पाठवला. मधल्या काळात बहिष्काराचा विषय महाराष्ट्रात दुसऱ्याच दाराने आत आला. २०१३ पासून नाशिककडे जातपंचायतींच्या अत्याचारांची प्रकरणे बाहेर येऊ लागली, डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतींना मूठमाती देण्याची मोहीम उघडली, आणि कोकणातील गावकीने वाळीत टाकलेल्या कुटुंबांच्या तक्रारी पोलिसांत नोंदल्या जाऊ लागल्या. एप्रिल २०१६ मध्ये विधिमंडळाने सामाजिक बहिष्कारापासून संरक्षण देणारा कायदा एकमुखाने संमत केला. तो ३ जुलै २०१७ पासून अमलात आला आणि त्याने १९४९ चा जुना कायदा रद्द केला.

नव्या कायद्याचे लिखाण जुन्याइतके सावध नाही. सभासदाला धार्मिक विधी, समारंभ किंवा मेळाव्यात भाग घेऊ न देणे, लग्न वा अंत्यविधीला मज्जाव करणे, समाजाच्या सोयींपासून दूर ठेवणे असे प्रकार त्याने गुन्हे ठरवले आणि तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली. समाजाच्या व्याख्येत जात आणि धर्मपंथ दोन्ही येतात. म्हणजे १९६२ च्या निकालाने पंथाचा धार्मिक कारभार म्हणून ज्या गोष्टींना संरक्षण दिले, त्यांतील अनेक आज महाराष्ट्रात दखलपात्र गुन्हे आहेत, आणि तो निकालही अद्याप बदललेला नाही. २०२३ च्या त्या आदेशाआधीच्या सुनावणीत, १९४९ चा कायदाच उरला नसल्याने अर्जात आता काही तथ्य राहिलेले नाही, असा युक्तिवाद झाला होता, आणि न्यायालयाने तो मान्य केला नाही.